मृत्युपत्राची सक्तीची मोहोर गेली. आता भिस्त कुटुंबाच्या दप्तरावर

हावडा : मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, म्हणजे प्रोबेट, घेण्याची सक्ती संसदेने २०२५ च्या अखेरीस दूर केली. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ वगळण्यात आले आणि हुगळी नदीच्या दोन्ही काठांवरील कुटुंबांना, तसेच मुंबईकरांना, अनेक पिढ्या जाचणारी एक अट संपुष्टात आली. मात्र सक्ती गेली म्हणून पुराव्याची गरज संपलेली नाही. आजवर मृत्युपत्र खरे की खोटे याचा निवाडा न्यायालय करीत असे आणि बँक, महापालिका किंवा भूमी कार्यालय त्या निवाड्यावर विसंबून पुढील नोंद करीत असे. यापुढे अनेक प्रकरणांत हीच कार्यालये समोर आलेले कागद पाहून निर्णय घेतील. त्यामुळे मृत व्यक्तीने आपले दप्तर कोणत्या अवस्थेत मागे ठेवले, या प्रश्नाला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

हावड्याला ही अट लागू होण्यामागे दीड शतकाचा इतिहास आहे. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याने त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून बंगालच्या नायब गव्हर्नरच्या अखत्यारीतील संपूर्ण प्रदेशासाठी आणि मुंबई व मद्रास या शहरांच्या मर्यादित हद्दीसाठी नवी व्यवस्था आणली. १९२५ च्या कायद्याने तीच चौकट पुढे चालविली. परिणामी हिंदू, बौद्ध, शीख व जैन व्यक्तीने या भागात केलेले मृत्युपत्र प्रोबेटशिवाय न्यायालयात हक्काचा आधार म्हणून पुढे करता येत नसे. एवढेच नव्हे, तर मृत्युपत्र या भागाबाहेर केलेले असले तरी त्यातील स्थावर मालमत्ता या भागात असेल, तर तेवढ्यापुरती अट लागू होई.

या तरतुदीचा विचित्र परिणाम नागपूर आणि हावडा या दोन शहरांत घर असलेल्या कुटुंबांना भोगावा लागे. नागपूर या अटीच्या कक्षेत कधीच नव्हते. एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याने नागपुरात बसून एकच मृत्युपत्र केले आणि त्यात धरमपेठेतील घर व शिवपूरमधील सदनिका अशा दोन्ही मालमत्तांचा उल्लेख केला, तर घराला प्रोबेट लागत नसे आणि सदनिकेला मात्र लागे. एकाच कागदाचा अर्धा भाग थेट चालणार आणि अर्धा भाग हावड्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून प्रमाणित करून घ्यावा लागणार, अशी ही स्थिती होती. ती आता राहिलेली नाही. तथापि वाद उद्भवण्याची शक्यता असल्यास स्वेच्छेने प्रोबेट घेण्याचा मार्ग खुला आहे. दुरुस्तीपूर्वी सुरू झालेल्या प्रकरणांबाबत वकिलाचा सल्ला घेणेच श्रेयस्कर ठरेल.

नागपूर आणि हावडा यांची ही जोडी योगायोगाने जुळलेली नाही. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ही दोन शहरे एकमेकांना जोडली. पुढे २००३ मध्ये दक्षिण पूर्व मध्य रेल्वे स्वतंत्र होईपर्यंत नागपूर विभाग कोलकात्यातील गार्डन रीच येथे मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व रेल्वेचाच भाग होता. नोकरी, बढती आणि बदली यांमुळे नागपूर, बिलासपूर, खडगपूर, संत्रागाची, हावडा असा प्रवास केलेली कुटुंबे या मार्गावर आढळतात. त्यांच्या आयुष्याची कागदपत्रेही त्याच मार्गावर विखुरलेली असतात. सेवापुस्तकातील नोंदी एका विभागात, पहिले बचत खाते दुसऱ्या गावी, मुलांच्या जन्माचे दाखले तिसऱ्या नगरपालिकेत आणि वडिलोपार्जित शेताचा सातबारा चौथ्या तालुक्यात. जिवंतपणी यामुळे फारसे अडत नाही, कारण कोणता कागद कोठे आहे हे त्या एका माणसाला ठाऊक असते. त्याच्या पश्चात मात्र हा नकाशाच हरवतो.

नावातील एका अक्षराची किंमत

पहिली अडचण बहुधा नावापासूनच सुरू होते. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम रूढ आहे. देशाच्या अन्य भागांत मधले नाव वगळले जाते किंवा केवळ आद्याक्षराने लिहिले जाते. बंगालमध्ये त्यात आणखी भर पडते. बंगाली उच्चारात ‘व’ नाही, त्याच्या जागी ‘ब’ येतो. त्यामुळे सेवापुस्तकातील वसंत मतदार ओळखपत्रावर बसंत होतो, वैद्य यांचे बैद्य होतात आणि विमल नावाची पत्नी शिधापत्रिकेवर बिमला होऊन बसते. विवाहानंतर नाव व आडनाव दोन्ही बदलण्याची महाराष्ट्रातील जुनी प्रथा लक्षात घेता एकाच स्त्रीची तीन-चार नावे कागदोपत्री सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

व्यक्ती हयात असताना ही दुरुस्ती अर्ज आणि प्रतिज्ञापत्र यांवर भागते. मृत्यूनंतर मात्र ‘वसंत’ आणि ‘बसंत’ ही एकच व्यक्ती होती हे सिद्ध करण्याचे ओझे वारसांवर येते, आणि ज्याची सही हवी तो तर निघून गेलेला असतो. म्हणून दप्तर लावण्याचे काम हाती घेताना ठेवी आणि मालमत्ता यांच्याही आधी पॅन, आधार, बँक खाते, निवृत्तिवेतन आदेश आणि खरेदीखत यांवरील नावे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावीत. जी जुळत नाहीत ती हयातीतच जुळवून घ्यावीत. जुने खरेदीखत बदलता येत नसेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून त्याच्या जोडीला ठेवावे.

जागा कोणाची, घर कोणाचे

मालमत्तेच्या कागदांबाबत हावडा हे महाराष्ट्रातील कोणत्याही शहराहून निराळे आहे. पुण्या-मुंबईत सदनिकाधारकाच्या हाती गृहनिर्माण संस्थेचे शेअर सर्टिफिकेट असते आणि वारसांची पहिली फेरी संस्थेच्या कार्यालयात होते. नागपुरात आखीव पत्रिका किंवा नागपूर सुधार प्रन्यासाचा पट्टा पाहिला जातो. पश्चिम बंगालमध्ये सदनिकेची मालकी सामान्यतः नोंदणीकृत खरेदीखतावर आणि जमिनीतील अविभक्त हिश्श्यावर उभी असते. जमिनीची ओळख मौजा, खतियान आणि दाग क्रमांक यांनी होते, आणि त्याचा उतारा ‘परचा’ म्हणून ओळखला जातो. सातबाऱ्याच्या सवयीच्या डोळ्यांना तो कागद परका वाटतो, पण त्याचे काम तेच आहे.

येथे मालमत्तेवर नाव लावण्याच्या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत, ही बाब बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या हमखास लक्षात येत नाही. एक नोंद गट भूमी व भूमिसुधार कार्यालयात होते आणि दुसरी महापालिकेच्या कर आकारणी दप्तरात होल्डिंग क्रमांकासमोर होते. कराच्या पावतीवर नाव आले म्हणजे जमिनीच्या दप्तरातही आले, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. खरेदीनंतर दोन्ही ठिकाणी नाव लागले आहे काय, हे मालकाने स्वतःच तपासणे उत्तम. वारसांना ते काम करावे लागले, तर आधी मृताचे आणि मग स्वतःचे अशी दुहेरी पायपीट करावी लागते.

हावड्याच्या जुन्या वस्त्यांत तर ‘घर आपले, पण जमीन कोणाची’ हा प्रश्न अक्षरशः खरा आहे. जमीनमालकाकडून मोकळी जागा भाड्याने घ्यायची आणि तीवर स्वखर्चाने घर बांधायचे, या पद्धतीतून कोलकाता व हावडा येथे ‘ठिका’ जमिनीचा प्रकार निर्माण झाला. १९८१ च्या कायद्याने अशा जमिनी राज्य सरकारकडे निहित झाल्या आणि ठिका भाडेकरू थेट सरकारचा भाडेकरू झाला. पुढे २००१ चा कायदा त्याची जागा घेऊन आला. या घरांतील हक्क वारसांकडे जातो, परंतु तो जमिनीच्या मालकीचा हक्क नव्हे आणि त्याच्या हस्तांतरावर कायद्याची बंधने आहेत. ‘माझे घर व जमीन मुलीला द्यावी’ असे मृत्युपत्रात लिहिले, तरी जे स्वतःचे नाही ते देता येत नाही. अशा घराच्या बाबतीत ठिका नियंत्रकांच्या कार्यालयातील नोंद आणि भाडे भरल्याच्या पावत्या हाच खरा ठेवा होय. खरेदीखत शोधत बसलेल्या वारसांना ते कधीच सापडणार नाही.

आणखी एक साधी वाटणारी गोष्ट म्हणजे लिपी. जुनी खते बंगालीत, अनेकदा हाताने लिहिलेली असतात. महाराष्ट्रात मोडीतील खताचे लिप्यंतर करून घेण्यासाठी जाणकार शोधत फिरावे लागते, तशीच वेळ पुण्यात किंवा बंगळूरुत वाढलेल्या नातवंडांवर येते. खत वाचू शकणारी व्यक्ती घरात आहे तोवर प्रत्येक बंगाली कागदाच्या सोबत त्याचा गोषवारा मराठीत किंवा इंग्रजीत लिहून ठेवणे फारसे कष्टाचे नाही. मालमत्ता कोणाकडून घेतली, केव्हा, क्षेत्र किती, चतुःसीमा कोणत्या, नोंदणी कोठे झाली, एवढे त्यात आले तरी पुरे.

बंगालचा दायभाग, महाराष्ट्राची मिताक्षरा

मृत्युपत्रात काय लिहिता येते, याचे उत्तर कुटुंब मूळचे कोठले यावरही अवलंबून असू शकते. बंगालमधील हिंदूंना परंपरेने जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ ग्रंथावर आधारलेला कायदा लागू होता. त्यात मुलाला जन्मतः वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळत नाही. वडील हयातीत पूर्ण मालक असतात. महाराष्ट्रात मिताक्षरा परंपरा आहे आणि तीत एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानेच हिस्सा मिळतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पुष्कळसा फरक मिटविला. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींनाही मुलांप्रमाणेच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. पण एकत्र कुटुंबातील हिश्श्याची ही कल्पना मिताक्षरेतील आहे.

मग हावड्यात तीन पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबाला कोणता कायदा? स्थलांतर करणारे हिंदू कुटुंब आपला वैयक्तिक कायदा सोबत घेऊन जाते, असे गृहीत धरण्याचे तत्त्व न्यायालयांनी दीर्घकाळ मानले आहे. महाराष्ट्रातून मध्य प्रांतात गेलेल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या ‘बलवंतराव विरुद्ध बाजीराव’ या १९२० मधील प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व लावले होते. याचा व्यवहारातील अर्थ असा की शेजारच्या बंगाली गृहस्थाने आपली सर्व वडिलोपार्जित मालमत्ता मृत्युपत्राने एका मुलाला दिली, म्हणून तसेच मृत्युपत्र मराठी कुटुंबात टिकेलच असे नाही. स्वकष्टार्जित काय आणि वडिलोपार्जित काय, हे वेगवेगळे दाखविणारे कागद म्हणूनच जपावे लागतात. त्यांत पगारातून भरलेल्या हप्त्यांचे उतारे, गृहकर्जाची कागदपत्रे, गावाकडील जमीन विकून आलेली रक्कम कोठे गेली याची नोंद, आणि वाटणी झाली असल्यास वाटणीपत्र यांचा समावेश होतो. मुस्लिम कुटुंबांसाठी मर्यादा आणखी वेगळी आहे. वारसांच्या संमतीशिवाय एकतृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

‘सगळीकडे नॉमिनी लावला आहे, आता काळजी नाही,’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. बोलण्यात नॉमिनीला सर्रास ‘वारस’ म्हटले जात असल्याने हा गैरसमज मराठीत अधिकच पक्का झाला आहे. नॉमिनी म्हणजे संस्थेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार असलेली व्यक्ती. ती रक्कम अखेर कोणाची, हे मृत्युपत्र किंवा उत्तराधिकाराचा कायदा ठरवितो.

या मुद्द्यावरील अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा एका सुपरिचित मराठी घरातून आला. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते आणि २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनींची नावे होती. नॉमिनी हेच मालक होतात की मालमत्ता वारसांमध्ये विभागली जाते, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनामुळे नॉमिनी समभागांचा पूर्ण मालक होत नाही, उत्तराधिकाराचा कायदा बाजूला पडत नाही, असा निर्वाळा दिला. मृत्युपत्र होते, नॉमिनीही होते, तरी निर्णयास दहा वर्षे लागली. दोन कागद परस्परांशी जुळत नसतील, तर त्यांची संख्या वाढवून उपयोग होत नाही.

आयुर्विमा याला काही अंशी अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमाधारकाने आई-वडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांना नॉमिनी केले असेल, तर त्यांना रकमेचा लाभही मिळतो. बँक ठेवींबाबत १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि त्यांचे हिस्से टक्केवारीत लिहिता येतात. लॉकरसाठी मात्र एकानंतर एक अशा क्रमानेच नावे देता येतात. ही सोय वापरताना मृत्युपत्रातील वाटणी आणि बँकेतील टक्केवारी यांत तफावत राहू नये, एवढे पाहणे आवश्यक आहे.

रेल्वे कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने याहून मोलाची बाब कुटुंब निवृत्तिवेतनाची आहे. हे निवृत्तिवेतन मृताच्या संपत्तीचा भाग नाही आणि ते मृत्युपत्राने कोणालाही देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्याच प्रकरणात सांगितले. त्याने मृत्युपत्रात भावाचे नाव लिहिले होते; हक्क पत्नीचा ठरला. नियमांनुसार पात्र असलेल्या कुटुंबीयांनाच ते मिळते, आणि पात्रता सिद्ध होते ती विभागाकडील कौटुंबिक तपशिलावरून. निवृत्तिवेतन आदेशात पत्नीचे नाव व जन्मतारीख अचूक आहे का, बँकेत संयुक्त खाते आहे का, अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीची नोंद आहे का, हे कर्मचाऱ्याने स्वतः पाहावे.

ज्या घरात बौद्धिक अक्षमता असलेले किंवा स्वतः कमावू न शकणारे अपत्य आहे, तेथे तर या एका नोंदीवर पुढचे सारे आयुष्य टिकून असते. असे अपत्य नियमांतील अटींनुसार आजीवन कुटुंब निवृत्तिवेतनास पात्र ठरू शकते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आई-वडिलांच्या हयातीत घेऊन विभागाच्या दप्तरी दाखल केलेले असणे फार उपयोगी पडते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाची नेमणूक करून घेण्याचीही तरतूद आहे. आई-वडील दोघेही गेल्यावर ही धावपळ भावाला किंवा बहिणीला करावी लागते आणि तोवर महिन्याचे पैसे थांबलेले असतात. दप्तरातील सर्व कागदांत अग्रक्रम द्यायचाच झाला, तर तो या फाइलला द्यावा.

हावड्याच्या ओतकाम भट्ट्या आणि लहान कारखाने चालविणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. एकल मालकीचा व्यवसाय मालकासोबतच थांबतो. भागीदारी संस्थाही करारात अन्यथा म्हटले नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने विसर्जित होते. घेणे-देणे मात्र थांबत नाही. उधारीची वही, दिलेली हमी, कच्च्या मालाचे थकलेले पैसे, वस्तू व सेवा कर नोंदणीचा क्रमांक, जागेचा भाडेकरार यांची माहिती केवळ मालकाच्या डोक्यात असेल, तर देणेकरी गप्प बसतात आणि घेणेकरी तेवढे दारात येतात.

विसरलेल्या पैशांचा ढीग

कुटुंबांना ठाऊक नसलेल्या पैशांचे देशातील आकडे डोळे विस्फारणारे आहेत. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग करतात. मार्च २०२४ अखेर या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. आदल्या वर्षी हा आकडा ६२,२२५ कोटी होता. विमा, म्युच्युअल फंड, लाभांश आणि समभाग धरून दावा न झालेली रक्कम १.८४ लाख कोटी रुपये असल्याचे केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये गांधीनगर येथे ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ या मोहिमेच्या प्रारंभी सांगितले होते. निधीकडे गेलेली ठेव बुडत नाही. खातेदार किंवा वारस केव्हाही बँकेमार्फत मागणी करू शकतात. शोधासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे. तेथे नावाने शोध घेता येतो, पण ते नाव बँकेत जसे लिहिले असेल तसेच. वसंत आणि बसंत यांचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

कुटुंबाला खाते ठाऊक असेल, तर मार्ग आता बराच सुकर झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ मधील निर्देशांनुसार सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा आहे. नॉमिनी नसला तरी व्यापारी बँकांत १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी सोपी पद्धत ठरविण्यात आली आहे. त्यापलीकडील रकमेसाठी किंवा वाद असल्यास न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. ते ठेवी व रोख्यांसाठी असते, घर-जमिनीसाठी नव्हे. महाराष्ट्रातील न्यायालये १८२७ च्या मुंबई विनियमाखाली जो वारस दाखला देतात, तो आणि पश्चिम बंगालमध्ये स्थानिक संस्थेकडून मिळणारा ‘वारिश’ दाखला नावाने सारखे वाटले, तरी त्यांचे वजन सारखे नाही. हावड्यातील दाखला नागपुरात चालेल, असे धरून प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी संबंधित कार्यालयात विचारणा केलेली बरी.

एक वही, एक माणूस

या साऱ्यासाठी महागडी व्यवस्था लागत नाही. एक जाड वही किंवा फाइल पुरते. प्रत्येक खाते, ठेव, पॉलिसी, डिमॅट, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, घर, जमीन, वाहन आणि लॉकर यांसाठी स्वतंत्र पान ठेवावे. संस्थेचे नाव व शाखा, खात्याचे शेवटचे चार अंक, नाव जसे नोंदले आहे तसे, नॉमिनी कोण, मूळ कागद कोठे आहे आणि कोणत्या मोबाइल क्रमांकाशी ते जोडलेले आहे, एवढी माहिती पुरेशी ठरते. शेवटची बाब अलीकडे फार महत्त्वाची झाली आहे, कारण दुःखाच्या भरात घरच्यांनी मृताचा मोबाइल क्रमांक बंद केला की अनेक ठिकाणचे संदेश येणे थांबते. याचा अर्थ मृताच्या एटीएम कार्डाने पैसे काढावेत असा मुळीच नाही. तसे करणे चूक आहे आणि पुढे वारसांमध्ये संशयाला तेच कारण होते. पासवर्ड आणि पिन या वहीत लिहू नयेत.

कर्जाची पाने वगळण्याचा मोह होतो, तो टाळावा. गृहकर्ज, मित्राच्या कर्जाला दिलेली हमी, नातलगाला हातउसने दिलेले पैसे, दागिने गहाण असल्यास त्याची पावती, हे सारे वारसांच्या वाट्याला येणाऱ्या चित्राचाच भाग आहे. मृताच्या वतीने शेवटचे प्राप्तिकर विवरणपत्र वारसाला भरावे लागते, म्हणून मागील काही वर्षांची विवरणपत्रेही याच फाइलमध्ये असावीत. ती पाहून विसरलेल्या ठेवींचा मागही लागतो.

वहीचे वय ही तिची खरी कसोटी असते. पाच वर्षांपूर्वीची यादी कधी कधी यादी नसण्यापेक्षा अधिक घोटाळा करते. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावाच लागतो. त्याच दिवशी वही उघडून बंद झालेली खाती खोडणे आणि नवी लिहिणे सोयीचे पडते. नोकरदारांना विवरणपत्र भरण्याचा काळ तसाच उपयोगी आहे.

मृत्युपत्र ही या वहीनंतरची पायरी आहे. ते साध्या कागदावर, मराठीतही करता येते; त्यास मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य असून, पुढे वाद झाल्यास त्यांपैकी किमान एकाला न्यायालयात साक्ष द्यावी लागते. म्हणून साक्षीदार वयाने लहान, पत्ता सहज सापडणारे आणि मालमत्तेत काहीही न मिळणारे असावेत. हावड्यात मृत्युपत्र करून नागपुरात स्थायिक व्हायचे असेल, तर साक्षीदारांचा हा विचार अधिकच काळजीपूर्वक करावा लागतो. नवे मृत्युपत्र करताना जुने रद्द केल्याचा उल्लेख तारखेसह करणे हीदेखील साधी, पण पुष्कळदा राहून जाणारी गोष्ट आहे.

एकाहून अधिक मृत्युपत्रे मागे राहिली तर काय होऊ शकते, याचे देशातील सर्वाधिक गाजलेले उदाहरण हावड्यापासून केवळ नदी ओलांडून आहे. प्रियंवदा बिर्ला यांचे जुलै २००४ मध्ये निधन झाल्यानंतर १९९९ चे एक मृत्युपत्र पुढे आले. त्यात त्यांनी आपली संपत्ती सनदी लेखापाल आर. एस. लोढा यांच्या नावे केल्याचे म्हटले होते. बिर्ला कुटुंबाने त्यास आव्हान दिले आणि पती माधवप्रसाद बिर्ला यांच्यासह १९८० च्या दशकाच्या प्रारंभी केलेल्या, संपत्ती धर्मादाय कार्याला देणाऱ्या मृत्युपत्रांचा आधार घेतला. लोढा यांचे २००८ मध्ये निधन झाले, तरी कोलकात्यातील ही न्यायालयीन लढाई दोन दशकांहून अधिक काळ चालू राहिली. तेथे सल्लागारांची वा कागदांची कमतरता नव्हती. सामान्य कुटुंबाकडे एवढा काळही नसतो आणि पैसाही नसतो.

मृत्युपत्र ठेवायचे कोठे, हा शेवटचा प्रश्न. लॉकरमध्ये ठेवल्यास लॉकर उघडण्यासाठीच कागद लागतात आणि ते कागद आत असतात. घरातील कपाटात ठेवल्यास ते कोणाच्या हाती पडेल याची शाश्वती नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात यावर एक जुना, फारसा न वापरला जाणारा उपाय आहे. मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. हयातीत ते परत मागता येते आणि मृत्यूनंतर अर्ज आल्यावर ते उघडून त्याची नक्कल केली जाते. हा मार्ग घेतल्यास निबंधक कार्यालयाची पावती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवावी, आणि ती वही कोठे आहे हे घरातील किमान दोघांना सांगावे. त्यांपैकी एक जण शक्यतो पुढच्या पिढीतील असावा.